तीन दिवस न खाणारा बोका: भूक परत आणायची कशी

प्रश्न कराडहून आहे. पाच वर्षांचा, नसबंदी झालेला बोका, वजन साडेचार किलोच्या आसपास. सर्दी-ताप आला, डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिल्या, ताप उतरला. पण गेले तीन दिवस तो काही खात नाही. ताटलीपाशी जातो, हुंगतो, ओठांवरून जीभ फिरवतो आणि मागं फिरतो. दूध दोन-चार वेळा चाटतो, तेवढंच. जबरदस्तीनं भरवावं का, भुकेची गोळी द्यावी का, की भूक लागली की आपणहून खाईल म्हणून थांबावं?

थांबू नका. आजच्या आज त्याला पुन्हा डॉक्टरांकडे न्या.

'भूक लागेल तेव्हा खाईल' हा हिशोब कुत्र्याच्या बाबतीत थोडाफार जमतो, मांजराच्या बाबतीत अजिबात नाही. मांजराचं शरीर मांसावर, म्हणजे प्रथिनांवर चालतं. खाणं थांबलं की अंगावरची चरबी वितळून यकृताकडे येऊ लागते, आणि ती वापरून संपवायला लागणारी सामग्री अन्नातूनच यायची असल्यानं चरबी यकृतातच साचते. दोन-तीन दिवसांच्या पूर्ण उपासानं हे सुरू होऊ शकतं. नसबंदी झालेल्या, घरात बसून गुबगुबीत झालेल्या मांजरांना धोका सगळ्यात जास्त. यकृत चरबीनं भरलं की मळमळ होते, मळमळीनं भूक आणखी मरते. म्हणजे मूळचा आजार बरा होऊनही न खाणं हाच दुसरा, जास्त गंभीर आजार होऊन बसतो. यातून मांजर बाहेर निघतं, पण औषधानं नव्हे, पोटात अन्न गेल्यानं. भूक परत आणण्याचं सगळं काम त्यामुळे दोन गोष्टींभोवती फिरतं: खाण्याच्या आड काय येतंय ते शोधून दूर करायचं, आणि तोपर्यंत कॅलरी पोटात जात राहतील याची सोय करायची. पहिल्या गोष्टीसाठी दुसरी थांबवायची नाही.

दूध चाटतो म्हणून जिवाला बरं वाटून घेऊ नका. एका चहाच्या चमच्याभर दुधात तीन ते पाच कॅलरी असतात आणि तुमच्या बोक्याला दिवसाला दोनशेच्या वर लागतात. शिवाय बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. जुलाब लागले तर अंगातलं उरलंसुरलं पाणीही जातं.

काही लक्षणं दिसली तर घरी काहीच करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. तोंड उघडं ठेवून श्वास घेणं किंवा झोपेत मिनिटाला चाळीसच्या वर श्वास. डोळ्यांचा पांढरा भाग, कानाची आतली बाजू किंवा हिरड्या पिवळट दिसणं. हिरड्या पांढऱ्याफटक होणं. मान वर धरता न येणं, हनुवटी छातीकडे झुकलेली राहणं. पोटॅशियम फार खाली गेल्याची ती खूण असते. अंग गार लागणं, अंगाचं तापमान ९९ फॅरनहाइटच्या खाली. सारख्या उलट्या. आणि बोका असेल तर लघवीला बसून कुंथतोय पण लघवी होत नाही. ही शेवटची गोष्ट बद्धकोष्ठ समजून सोडून दिली जाते आणि चोवीस-अठ्ठेचाळीस तासांत जीव जातो. आपल्या भागात आणखी एक विचार मनात हवा. उसाच्या फडाला किंवा द्राक्षबागेला लागून घर असेल आणि मांजर बाहेर हिंडणारं असेल, तर उंदराचं औषध. विषारी उंदीर खाल्ल्याचा किंवा आमिष खाल्ल्याचा संशय असेल तर त्याला काहीही भरवू नका. झिंक फॉस्फाइडसारख्या औषधातून पोटातल्या आम्लामुळे विषारी वायू सुटतो आणि अन्न गेलं की आम्ल वाढतं. शेतात कोणतं औषध टाकलं होतं त्याचं पाकीट डॉक्टरांना दाखवायला न्या.

आता तुमच्या बोक्याकडे वळतो. न खाणारी मांजरं सगळी एकसारखी नसतात, आणि ताटलीसमोर मांजर काय करतं यात निम्मं निदान असतं.

ताटलीपाशी जाणं, हुंगणं, ओठ चाटणं, गिळल्यासारखं करणं, लाळ येणं आणि तोंड फिरवून निघून जाणं ही मळमळ आहे. उलटी झालीच पाहिजे असं नाही. मळमळणाऱ्या मांजरापुढे दहा तऱ्हेचे पदार्थ मांडणं हा सगळ्यात नडणारा प्रकार. त्या वासाशी मळमळीची सांगड त्याच्या डोक्यात बसते आणि पुढं बरं झाल्यावरही ते नेमका तोच पदार्थ, बहुतेक वेळा त्याचा आवडता, नाकारतं. म्हणून आधी मळमळीचं औषध, मग अन्न. मॅरोपिटंटचं इंजेक्शन किंवा ऑन्डॅनसेट्रॉन डॉक्टर देतात. औषध लागू पडल्यावर पुष्कळ मांजरं भुकेच्या गोळीशिवायच तोंड लावतात.

खायला उत्सुक दिसतं, घास उचलतं, मग ओरडून किंवा फिस्कारून मागं सरतं, तोंडावर पंजा मारतं, घास एकाच बाजूनं चावतं, लाळेला वास येतो. इथं दुखणं तोंडात आहे. मांजराच्या सर्दीतल्या कॅलिसी विषाणूनं जिभेवर आणि टाळूवर फोड येतात, ते ताप उतरल्यावरही काही दिवस राहतात. दात किडणं, हिरड्या सुजणं हेही यात येतं. तोंड उघडून बघताना जिभेच्या खाली जरूर बघा. दोरा, मांजा, शिवणाचा धागा जिभेच्या मुळाशी अडकून त्याचं दुसरं टोक आतड्यात गेलेलं असतं. संक्रांतीच्या सुमारास हे हमखास होतं. असा दोरा दिसला तर ओढू नका, तोडू नका. ओढल्यानं आतडं चिरतं.

तिसरा प्रकार: ताटलीकडे ढुंकूनही बघत नाही, पण नाक चोंदलेलं, डोळ्यांत चिपडं. मांजर वासावर खातं. वास आला नाही तर समोरची वस्तू अन्न आहे हेच त्याला पटत नाही. गोड चव तर त्याला कळतच नाही, त्यामुळे साखर किंवा मध घालून काही साधत नाही.

आणि तुमच्या बाबतीत मला चौथी एक शंका येते. डॉक्सिसायक्लिनची गोळी कोरडीच घशाखाली ढकलली तर मांजराच्या अन्ननलिकेत अडकून राहते आणि तिथं भाजल्यासारखी जखम करते. सर्दी बरी झाली पण खाणं बंद झालं, गिळताना मान लांब करतो, खाल्लेलं थोड्या वेळात न पचता नळकांड्याच्या आकारात परत येतं, असं काही दिसत असेल तर डॉक्टरांना हे स्पष्ट सांगा: 'गोळी कोरडी दिली होती.' वेळेत कळलं तर औषधानं जखम भरते. दुर्लक्ष झालं तर नलिका आकसते आणि मग काम अवघड होतं. यापुढं कुठलीही गोळी दिल्यावर मागून पाच-सहा मिली पाणी सिरिंजनं द्या किंवा दोन चमचे पातळ अन्न खाऊ घाला. डॉक्सिसायक्लिन पातळ औषधाच्या रूपातही करून मिळतं, तसं विचारा. आणि कोणतीही कडू गोळी जेवणात कालवू नका. एकदा फसवणूक झाली की ते अन्न कायमचं बाद होतं.

डॉक्टरांकडे नेताना

कराड, सातारा, सांगली-मिरज या भागात मांजर-कुत्री बघणारे खाजगी दवाखाने आता बरेच झाले आहेत. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात भर गाई-म्हशींवर असतो, तरी सलाइन आणि इंजेक्शनची तातडी तिथंही भागते. जास्त तपासण्या लागल्या तर शिरवळला महामार्गाला लागूनच क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. निघण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा: रक्ततपासणी होते का, सोनोग्राफी होते का, आणि भरवण्यासाठी अन्ननलिकेत नळी बसवता येते का.

पिशवीत घालून दुचाकीवर नेऊ नका. पिंजरा नसेल तर द्राक्षाचे दोन प्लास्टिक क्रेट तोंडाला तोंड लावून घट्ट बांधले, आत जुनी चादर घातली आणि वरून कापड टाकलं तर काम भागतं.

रक्तात पेशींची गणना, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि युरिया, यकृतासाठी एएलटी आणि बिलिरुबिन (कावीळ दाखवणारं पिवळं द्रव्य), साखर, पोटॅशियम आणि फॉस्फरस एवढं तरी बघायला हवं. तीन दिवस उपाशी असलेल्या मांजराला फक्त भुकेचं इंजेक्शन देऊन घरी पाठवत असतील तर 'रक्त तपासूया का?' असं आपणहून विचारा. आडूनआडून विचारू नका. तो तुमचा हक्क आहे. अंगातलं पाणी कमी असेल तर आधी ते भरून काढावं लागतं. कोरड्या पडलेल्या मांजराला भूक लागत नाही, आणि गार पडलेल्याच्या पोटात घातलेलं अन्न पुढं सरकत नाही. हिरडीला बोट लावून बघा: ओली आणि निसरडी असेल तर ठीक, चिकट लागली तर पाणी कमी आहे.

किती द्यायचं

वजनाला ३० नं गुणा आणि त्यात ७० मिळवा. तुमच्या साडेचार किलोच्या बोक्याचं उत्तर २०५ येतं. आजारातून उठताना दिवसाला एवढ्या कॅलरी पुरेत. हिशोब आजच्या वजनावर करायचा, पूर्वीच्या नव्हे.

पण पहिल्याच दिवशी २०५ भरायच्या नाहीत. उपाशी शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्यानं पेशींत ओढलं जातं आणि मांजर सुधारायच्या ऐवजी कोसळतं. पहिल्या दिवशी एक तृतीयांश, म्हणजे ७० कॅलरी. दुसऱ्या दिवशी १४०. तिसऱ्या दिवशी २०५. उपास पाच दिवसांच्या पुढं गेला असेल तर सुरुवात पाव हिश्शानं, चढण आणखी सावकाश, आणि तीही दवाखान्यात रक्त तपासत. दिवसाचा वाटा सहा वेळांत विभागा, दर चार तासांनी एक.

वजन रोज एकाच वेळी करा. बाथरूमच्या काट्यावर आधी मांजराला घेऊन उभं राहा, मग एकट्यानं, आणि वजाबाकी करा. शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक त्यात दिसत नाही, म्हणून लहान बाळाचा काटा मिळाला तर उत्तम. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटाही चालतो. वहीत तारीख, वजन, किती मिली गेलं, उलटी, शी, लघवी लिहीत जा. डॉक्टरांना 'थोडं थोडं खातोय' या वाक्यापेक्षा ही वही शंभर पटीनं उपयोगी पडते.

काय द्यायचं

दवाखान्यात मिळणारं आजारी मांजरांसाठीचं डब्यातलं 'रिकव्हरी' अन्न सगळ्यात चांगलं. ते मऊ असतं, सिरिंजमधून जातं आणि त्यात टॉरिनसकट (मांजराला अन्नातूनच मिळावं लागणारं एक पोषक द्रव्य) सगळं असतं. डब्यावर कॅलरी छापलेल्या असतात, त्यावरून हिशोब करा. ते मिळेपर्यंत घरात असं करता येतं:

बोनलेस चिकन साध्या पाण्यात शिजवा. मीठ नाही, हळद नाही, काही नाही. शिजलेलं १०० ग्रॅम चिकन, एका उकडलेल्या अंड्याचं पिवळं आणि ज्या पाण्यात शिजवलं ते ११० मिली पाणी, असं मिक्सरमध्ये गंधासारखं बारीक वाटा आणि चहाच्या गाळणीतून गाळा. साधारण दर मिलीला एक कॅलरी पडते, त्यामुळे हिशोब सोपा होतो: पहिल्या दिवशी दर वेळेस १२ मिली, दुसऱ्या दिवशी २३, तिसऱ्या दिवशी ३४. त्यातच दीडशे मिलीहून जास्त पाणीही पोटात जातं. मूत्रपिंडाचा किंवा स्वादुपिंडाचा आजार निघाला असेल तर पिवळं घालू नका. हे मिश्रण फ्रिजमध्ये एक दिवस टिकतं, त्यापुढं टाकून द्या. दुपारी तासन्‌तास लाइट जात असेल तर दिवसातून दोनदा ताजं करा. आणि हे तात्पुरतं आहे. यात कॅल्शियम आणि टॉरिन पुरेसं नसतं, चार-पाच दिवसांवर याच्यावरच ठेवू नका.

चिकन मिळण्यासारखं नसेल तर तो खात होता तेच कोरडं कॅटफूड २५ ग्रॅम घ्या, पाऊण कप कोमट पाण्यात तासभर भिजवा आणि वाटा. त्यात नव्वदएक कॅलरी येतात.

आपल्याकडं घरोघरी एक चूक होते. रविवारी मटण-चिकन केलं की मसाला घालायच्या आधीचं अळणी पाणी लहान पोरांना आणि आजाऱ्याला देतात, तेच मायेनं मांजरालाही दिलं जातं. त्या अळणीत लसूण, कांदा आणि आलं पडलेलं असतं. कांदा-लसणानं मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात; शिजवल्यानं किंवा गाळल्यानं ते विष जात नाही. मांजराचं भांडं वेगळंच चुलीवर चढवा. बाळांची धान्याची पेज, दूध-चपाती, दूध-भात यांनी पोट भरतं पण मांजराला लागणारी प्रथिनं मिळत नाहीत.

वास वाढवायला थोडी युक्ती चालते. चिकनची कलेजी उकडून एक छोटा चमचा वाटणात घाला. रोज नको, त्यातलं अ जीवनसत्त्व साचतं. बाजारात मिळणारी सुकट धुऊन, कोरडी भाजून तिची चिमूटभर पूड वरून भुरभुरली तर चोंदलेल्या नाकालाही तो वास पोचतो. मूत्रपिंड किंवा हृदय आजारी असेल तर सुकट-बोंबील टाळा, त्यात मीठ फार. नदीतला मासा द्यायचा तर उकडून, काटे काढून. कच्च्या माशांच्या काही जातींत ब१ जीवनसत्त्व नष्ट करणारं द्रव्य असतं, आणि उपाशी मांजराला आधीच त्याची उणीव असते.

कसं पुढं ठेवायचं

आधी नाक. साध्या सलाइनचे नाकाचे थेंब मेडिकलमध्ये मिळतात. कापूस भिजवून नाकपुड्यांवरचं वाळलेलं मऊ करून पुसा आणि एकेक थेंब घाला. चोंदलेलं नाक मोकळं करणारे माणसांचे औषधी थेंब घालू नका. बाथरूममध्ये कडक पाण्याची बादली ठेवून दार लावून दहा-पंधरा मिनिटं मांजराजवळ बसा, वाफेनं शेंबूड सुटतो. बादली त्याला पोचणार नाही अशी ठेवा. त्या पाण्यात निलगिरी, कापूर, ओव्याचा अर्क, सर्दीचं मलम यांतलं काहीच घालायचं नाही. ही तेलं मांजराच्या यकृताला निभत नाहीत.

अन्न अंगाच्या ऊबेइतकं कोमट करा. वाटी गरम पाण्यात ठेवून ढवळा, मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावून बघा. ना गरम ना गार लागायला हवा. फ्रिजमधलं गार अन्न आजारी मांजर बहुधा हुंगतही नाही. तोंडात फोड असतील तर मात्र साध्या तापमानाचं आणि पातळ अन्न जास्त सोसतं. खोल वाटीऐवजी पसरट ताटली घ्या, मिशा काठाला घासल्या की दुखऱ्या मांजराला नको वाटतं. एक चमचाच वाढा. शीच्या ट्रेपासून लांब, पोरं आणि टीव्ही नाहीत अशा खोलीत ठेवा. वीस मिनिटांत खाल्लं नाही तर उचला. दिवसभर अन्न नाकासमोर पडून राहिलं की त्याची किळस बसते. ओठाला किंवा पंजाला फासून 'चाटेल की' असं करू नका. मळमळणाऱ्या मांजराला तो त्रासच.

सिरिंजनं भरवणं

उलट्या थांबलेल्या, शुद्धीवर असलेल्या, अंगात ऊब असलेल्या आणि श्वास नीट घेणाऱ्या मांजरालाच सिरिंजनं भरवायचं. यांतली एक जरी गोष्ट नसेल तर नाही.

सुई काढलेली ५ मिलीची सिरिंज घ्या. दट्ट्या अडखळत असेल तर आत खाण्याच्या तेलाचं बोट फिरवा. मांजराला टेबलावर टॉवेल अंथरून बसवा, तोंड तुमच्यापासून लांब, पाठ तुमच्या पोटाला टेकलेली. दुसरा टॉवेल गळ्याभोवती सैल गुंडाळा म्हणजे पंजे आत राहतील. उताणं कधीही धरायचं नाही. डोकं सरळ, जमिनीला समांतर ठेवा. घोट खाली जावा म्हणून मान वर करायची सवय असते आणि नेमकं तेच नडतं; मान वर झाली की अन्न श्वासनलिकेत उतरतं. सिरिंजचं टोक सुळ्याच्या मागं, ओठाच्या कोपऱ्यातून आत सरकवा आणि गालाच्या पिशवीत अर्धा ते एक मिली सोडा. जिभेच्या मुळाकडे पिचकारी मारू नका. गिळल्याचं दिसेपर्यंत थांबा. मग पुढचा अर्धा मिली. १२ मिली जायला दहा मिनिटं लागली तर लागू द्या.

खोकला आला, घरघर ऐकू आली, नाकातून अन्न आलं, तर लगेच थांबा आणि डोकं थोडं खाली झुकवा. त्यानंतर दोन दिवसांत ताप किंवा धाप दिसली तर फुफ्फुसात अन्न गेल्याचं धरून दवाखान्यात न्या. ओठ चाटत लाळ गाळू लागलं तर त्या वेळचं भरवणं तिथंच संपवा. झाल्यावर हनुवटी आणि छाती ओल्या फडक्यानं पुसा. सर्दी झालेलं मांजर स्वतःला चाटत नाही आणि वाळलेल्या अन्नाखाली कातडी सोलवटते. सिरिंजा गरम पाण्यानं धुऊन वाळवा, दट्ट्या कडक झाला की बदला.

सिरिंज ही दोन-तीन दिवसांची सोय आहे. मांजर लढतंय, तुम्हाला बघून पलंगाखाली जातंय, दिवसाचा निम्मा वाटाही जात नाहीये, असं असेल तर जबरदस्ती वाढवू नका, नळीचा विचार करा.

नळीला लोक फार घाबरतात. 'नळी लावली म्हणजे संपलंच' अशी समजूत आहे, आणि त्या भीतीपायी वाचण्यासारखी मांजरं हातची जातात. नाकातून घालायची बारीक नळी भूल न देता बसते, पण तिच्यातून फक्त पातळ द्रव जातो आणि ती काही दिवसांपुरतीच ठेवतात. मानेच्या डाव्या बाजूनं अन्ननलिकेत बसवायची जाड नळी थोड्या वेळाच्या भुलीत बसते, आठवडेच्या आठवडे राहते, आणि तिच्यातून वाटलेलं अन्न व कुटलेल्या गोळ्या दोन्ही जातात. तोंडाशी झटापट होत नाही, आणि नळी असतानाही मांजर तोंडानं खाऊ शकतं. दर वेळी आधी ५ मिली आणि नंतर ५ मिली कोमट पाणी सोडून नळी धुवायची, अन्न दहा-पंधरा मिनिटांत सावकाश ढकलायचं, तोंडाशी टोपण घट्ट लावायचं. मानेच्या छिद्रातून पू आला किंवा उलटीत नळी तोंडातून बाहेर आली तर दवाखाना. यकृतात चरबी साचलेल्या मांजरांना बहुधा तीन ते सहा आठवडे असंच जेवू घालावं लागतं आणि त्यातली पुष्कळशी ठणठणीत बरी होतात. तुमच्या बोक्याची बिलिरुबिन वाढलेली निघाली तर नळी लवकरात लवकर बसवा, हे माझं स्पष्ट मत आहे.

भुकेची गोळी

आहे, उपयोगी आहे, पण तिची जागा शेवटी. मळमळ, दुखणं आणि पाण्याची कमतरता हाताळल्यावर. मिर्टाझपिन हे माणसांचं औषध मांजरात भूक वाढवतं आणि मळमळही थोडी कमी करतं. मात्रा साधारण २ मिलिग्रॅमच्या आत, दिवसातून एकदा. म्हणजे १५ मिलिग्रॅमच्या गोळीचा आठवा हिस्सा किंवा ७.५ च्या गोळीचा पाव. मूत्रपिंड किंवा यकृत बिघडलेलं असेल तर एक दिवसाआड. अर्धी गोळी दिली की मांजर रात्रभर ओरडत, थरथरत, येरझाऱ्या घालत राहतं. सिप्रोहेप्टाडिन हे दुसरं औषध. ४ मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव ते अर्धा भाग दिवसातून दोनदा, आणि परिणाम दिसायला एक-दोन दिवस लागतात. दोन्ही एकत्र देऊ नयेत, एक दुसऱ्याचा परिणाम मारतं. मात्रा तुम्हाला कळावी म्हणून लिहिली आहे. सुरू करायची ती रक्ताचा अहवाल बघून डॉक्टरांनीच. मुलांची भूक वाढवायची गोड सिरपं आणून पाजू नका. लिव्हर टॉनिकनं नुकसान होईल असं नाही, पण ती कडूगोड चव तोंडात गेली की फेस येतो आणि पुढचं जेवण बुडतं. ब१२ आणि ब१ ची इंजेक्शनं मात्र उपाशी मांजराला खरोखर उपयोगी पडतात, ती मागून घ्या.

आणि पॅरासिटामॉल नाही. ताप पुन्हा आला तरी नाही, अर्धी नाही, पाव नाही, सिरपही नाही. मांजराच्या यकृतात ते निकामी करायची यंत्रणा जवळजवळ नाहीच. एका गोळीत हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात आणि मांजर जातं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक तसंच. कुत्र्यांसाठीचं पर्मेथ्रिन असलेलं पिसवांचं औषधही मांजराच्या अंगाला लावायचं नाही.

घरात पिलू असेल तर हे वेळापत्रक त्याला लागू नाही. आठ आठवड्यांच्या आतलं पिलू बारा तास उपाशी राहिलं तर साखर उतरून निपचित पडतं. आधी त्याला ऊब द्या, कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवा, हिरडीला ग्लुकोजच्या पाण्याचं बोट लावा आणि तसंच दवाखान्यात न्या. गार पिलाच्या तोंडात दूध घालायचं नाही.

सुधारणा कशी ओळखायची? आधी मांजर अंग चाटू लागतं. मग दाराशी येऊन बसतं, ताटलीचा आवाज झाला की कान वळवतं, आणि एखाद्या दिवशी सिरिंजच्या आधीच ताटलीतलं दोन घास उचलतं. त्या दिवशी सिरिंज बंद करू नका. आधी ताटली पुढं ठेवायची, आपणहून जेवढं खाल्लं तेवढ्या कॅलरी वाट्यातून वजा करायच्या आणि उरलेलं सिरिंजनं किंवा नळीनं द्यायचं. स्वतःहून तीन-चतुर्थांश वाटा लागोपाठ तीन दिवस गेला आणि वजन उतरलं नाही, मग सिरिंज थांबवा. नळी मात्र आठवडाभर वजन स्थिर राहिल्यावरच काढायची. भुकेची गोळीही त्याच सुमारास डॉक्टरांना विचारून बंद करा, आणि पुढचे चार दिवस वजनाचा काटा रोज काढा. गोळीच्या जोरावरचं खाणं असेल तर ते तेवढ्यात उघडं पडतं. तसं झालं तर गोळी पुन्हा सुरू करण्याआधी तोंड, दात आणि मूत्रपिंड पुन्हा तपासून घ्या.